रिकाम्या खाटांचा हिशेब

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून ग्रेट अमेरिका पार्कवेवरचं सांता क्लारा कन्व्हेन्शन सेंटर गाडीने पंधरा मिनिटांवर आहे. एरवी तिथे तंत्रज्ञान कंपन्यांच्या परिषदा भरतात. मार्च २०२०च्या अखेरीला तिथे कोविडसाठी २५० खाटांचं तात्पुरतं रुग्णालय उभं राहिलं. रुग्णांची रीघ लागेल अशी तयारी होती, पण प्रत्यक्षात थोडेच रुग्ण आले. त्याच सुमारास लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या बंदरांत अमेरिकी नौदलाची दोन रुग्णालय-जहाजं नांगर टाकून होती. प्रत्येकावर हजार खाटा होत्या. न्यूयॉर्कच्या जहाजावर सगळे मिळून दोनशेच्या आतच रुग्णांवर उपचार झाले.

मग लोक विचारू लागले, की इतक्या खाटा रिकाम्या आहेत तर आम्हाला घरात कशासाठी कोंडलंय? दुकानं बंद, शाळा बंद, भारतातून नातवंडांना भेटायला आलेले आजी-आजोबा विमानं बंद झाल्यामुळे अडकलेले. व्हिसाची मुदत संपत आलेली, प्रवासविम्यात किती खर्च भागेल याची खात्री नाही. सनीव्हेलच्या कितीतरी मराठी घरांत त्या वर्षी हीच परिस्थिती होती. हा प्रश्न मूर्खपणाचा म्हणून उडवून लावणं सोपं होतं आणि पुष्कळांनी तेच केलं. मला तो प्रश्न तेव्हाही रास्त वाटला आणि आजही वाटतो. त्याचं उत्तर मात्र शांतपणे, आकडे समोर ठेवून फार थोड्या जणांनी दिलं.

सुरुवात कशी झाली ते आधी पाहू. १६ मार्च २०२० रोजी, सनीव्हेल ज्यात येतं त्या सांता क्लारा काउंटीच्या आरोग्य अधिकारी डॉ. सारा कोडी यांच्यासह सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या सहा काउंटींनी आणि बर्कली शहराने एकत्र आदेश काढला. अत्यावश्यक कामाशिवाय घराबाहेर पडायचं नाही. मध्यरात्रीनंतर तो लागू झाला. अमेरिकेतला असा हा पहिलाच आदेश. संपूर्ण कॅलिफोर्नियाचा आदेश तीन दिवसांनी आला, आपल्याकडचा देशव्यापी लॉकडाऊन २५ मार्चला. १६ मार्चला काउंटीतली रुग्णालयं ओसंडत नव्हती. मग घाई कशाची?

घाई होती ती कालगणनेची. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण पाच दिवस लागत. ज्याचा आजार बळावे तो आणखी आठवड्याभराने रुग्णालयात येई, त्यातले काही त्यानंतर आयसीयूत जात आणि तिथे दहा-दहा, पंधरा-पंधरा दिवस राहत. म्हणजे आज आयसीयूत दिसणारा रुग्ण दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या लागणीचा असतो. आज निर्बंध लावले तरी पुढचे दोन आठवडे रुग्ण वाढतच राहणार, कारण त्यांची लागण होऊन गेलेली आहे. आयसीयू भरल्याचं डोळ्यांनी दिसेपर्यंत थांबायचं, तर वेळ निघून गेलेली असते. सांता क्लारात तर आजार कितीतरी आधी पोहोचला होता. ६ फेब्रुवारी २०२० रोजी घरी मरण पावलेल्या एका महिलेला कोविड होता, हे शवविच्छेदनाच्या नमुन्यांवरून एप्रिलच्या उत्तरार्धात कळलं. अमेरिकेतला तोवरचा तो सर्वांत आधीचा ज्ञात कोविडमृत्यू ठरला. अधिकारी डोळ्यांवर पट्टी बांधून निर्णय घेत होते असं कुणी म्हणालं, तर ते अर्धंच खरं. पट्टी होती, पण ती चाचण्यांच्या तुटवड्याची होती.

निर्बंध वेळेत लागले आणि रुग्ण कमी आले, तर रिकाम्या खाटा दिसणारच. पण निर्बंध नसते तरीही त्या रिकाम्याच राहिल्या असत्या, असं कुणी म्हटलं तर एकट्या सांता क्लाराकडे बघून ते खोडता येत नाही. हाच या वादाचा खरा पेच आहे. त्यासाठी बाहेरचं उदाहरण लागतं. ते त्याच एप्रिलमध्ये न्यूयॉर्कमध्ये होतं, रुग्णालयांबाहेर मृतदेह ठेवायला शीतपेटीचे ट्रक उभे होते.

मार्चच्या शेवटी समाजमाध्यमांवर एक लाट आली. लोक फोन घेऊन रुग्णालयांचे पार्किंग आणि प्रतीक्षागृहं चित्रित करू लागले. बघा, चिटपाखरूही नाही! चित्रं खरीच होती. ठरवून करायच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या होत्या, बाह्यरुग्ण विभाग बंद होते, नातेवाइकांना आत सोडत नव्हते. अशा रुग्णालयाचं पार्किंग रिकामंच असणार. पार्किंगवरून आयसीयूचा अंदाज बांधता येत नाही, कारण आयसीयूतला रुग्ण स्वतः गाडी चालवत येत नाही आणि भेटायला कुणाला परवानगी नसते.

आता ज्या खाटेवरून एवढा वाद झाला ती नीट पाहू. लोखंडी पलंग आणि गादी दोन दिवसांत मिळते. आयसीयूची खाट म्हणजे तिच्याशी जोडलेला व्हेंटिलेटर, भिंतीतून योग्य दाबाने येणारा ऑक्सिजन, मॉनिटर, औषधं देणारे पंप आणि चोवीस तास तिथे उभी असलेली प्रशिक्षित परिचारिका. यातली सर्वांत दुर्मीळ गोष्ट परिचारिका. आगारात एसटीच्या पन्नास गाड्या उभ्या असल्या आणि चालक वीसच असले, तर फलाटावरच्या प्रवाशाच्या दृष्टीने गाड्या वीसच असतात.

कॅलिफोर्नियात हे प्रमाण कायद्याने ठरलेलं आहे. १९९९च्या कायद्यानुसार २००४पासून तिथे आयसीयूत दोन रुग्णांमागे किमान एक परिचारिका असावी लागते, सर्वसाधारण कक्षात २००५पासून पाच रुग्णांमागे एक. सगळ्या विभागांसाठी असं प्रमाण कायद्याने बांधणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. डिसेंबर २०२०मध्ये लाट इतकी चढली, की राज्याने रुग्णालयांना या नियमातून तात्पुरती सूट दिली. आयसीयूत दोनऐवजी तीन रुग्ण, कक्षात पाचऐवजी सात. कागदावर त्या दिवशी क्षमता वाढली. खाटेवरच्या रुग्णाच्या वाट्याची परिचारिका मात्र तेवढीच कमी झाली. हा तपशील मला सगळ्या आलेखांपेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण क्षमता वाढवली म्हणजे नेमकं काय केलं हे त्यात उघड दिसतं.

अमेरिका श्रीमंत आहे म्हणून तिथे खाटाही मुबलक असतील, असं आपल्याला वाटतं. जपानमध्ये हजार माणसांमागे सुमारे तेरा खाटा आहेत, जर्मनीत आठ, अमेरिकेत तीनही नाहीत आणि कॅलिफोर्नियात दोनच्या आत. रिकामी खाट म्हणजे बुडालेलं उत्पन्न, असा तिथल्या रुग्णालयांचा व्यवहार असल्याने साधारण दिवसांतही मोठे आयसीयू बरेच भरलेले असतात. हिवाळ्यात आयसीयू नेहमीच भरतात, यात नवीन काय, असं शंका घेणारे म्हणत. त्यात तथ्य होतं. पण त्यामुळे चिंता कमी व्हायला हवी की जास्त? आधीच पंच्याऐंशी खाटा भरलेल्या शंभर खाटांच्या आयसीयूत कोविडचे तीस रुग्ण असतील आणि ते दहा दिवसांत दुप्पट होणार असतील, तर पंधरा रिकाम्या जागांवर तीस माणसं येतात.

सनीव्हेल हे आकड्यांत वावरणाऱ्या माणसांचं गाव. तिथल्या अनेकांची शंका गावगप्पांची नव्हती, त्यांना विदा हवा होता. त्यांच्या हाती एप्रिल २०२०मध्ये एक मोठं शस्त्र आलं, तेही घरच्याच विद्यापीठातून. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ३ आणि ४ एप्रिलला काउंटीतल्या ३,३३० लोकांचं रक्त प्रतिपिंडांसाठी तपासलं. जय भट्टाचार्य, एरन बेंडाविड, जॉन आयोनिडिस ही त्यातली प्रमुख नावं. १७ एप्रिलला पूर्वप्रकाशित झालेल्या निबंधाचा निष्कर्ष असा, की काउंटीत ४८ ते ८१ हजार लोकांना लागण होऊन गेली आहे, म्हणजे नोंदलेल्या रुग्णांच्या ५० ते ८५ पट. यावरून लागण झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण ०.१२ ते ०.२ टक्के निघत होतं, फ्लूच्या जवळपास. मग एवढा गहजब कशाला?

हा निबंध मुळातून तपासण्यासारखा आहे. ३,३३० पैकी ५० जणांची चाचणी सकारात्मक आली, म्हणजे दीड टक्का. आता चाचणी शंभरात अर्ध्या वेळा, म्हणजे दोनशेत एकदा, निरोगी माणसाला चुकून सकारात्मक दाखवत असेल, तर पन्नासातले सतरा जण खोटे. चूक दीड टक्क्याची असेल तर पन्नासच्या पन्नास खोटे आणि काउंटीत लागण जवळपास शून्य! संशोधकांनी चाचणीची अचूकता सुमारे चारशे नमुन्यांवर तपासली होती आणि त्यांतले दोन चुकले होते. एवढ्या थोड्या नमुन्यांवरून खरी चूक अर्धा टक्का आहे की दीड, हे खात्रीने सांगता येत नाही. शिवाय लोक फेसबुकवरच्या जाहिरातीतून आले होते. त्या दिवसांत चाचणी मिळणं मुश्कील, तेव्हा ज्याला नुकताच ताप-खोकला येऊन गेला तो धावत येणारच. कोलंबिया विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेलमन यांनी नेमक्या याच मुद्द्यांवर जाहीर टीका केली आणि संशोधकांना पुढे आकडे सुधारावे लागले.

सगळ्यात सोपी तपासणी मात्र न्यूयॉर्क शहराची. सुमारे ८८ लाखांच्या त्या शहरात २०२०च्या उन्हाळ्यापर्यंत कोविडने सुमारे २३ हजार मृत्यू झाले होते. म्हणजे शहरातल्या प्रत्येक माणसाला लागण झाली असं धरलं तरी प्रमाण पाव टक्क्याच्या वर जातं. प्रत्येकाला लागण अर्थातच झाली नव्हती. तेव्हा ०.१२ हा आकडा तिथे बसूच शकत नव्हता. नोंदलेल्या रुग्णांपेक्षा खरी लागण कितीतरी जास्त आहे, हा या अभ्यासाचा मुख्य मुद्दा मात्र दिशेने बरोबर होता, आणि तो मांडणाऱ्यांना ज्या भाषेत झोडपलं गेलं ते विज्ञानाला शोभणारं नव्हतं. भट्टाचार्य पुढे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या, सरसकट लॉकडाऊनला विरोध करणाऱ्या ग्रेट बॅरिंग्टन जाहीरनाम्याच्या तीन लेखकांपैकी एक झाले आणि २०२५मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे संचालक.

लोकांचा विश्वास खऱ्या अर्थाने तुटला तो डिसेंबरमध्ये. ३ डिसेंबर २०२० रोजी राज्याने नवा नियम केला. राज्याचे पाच विभाग पाडले आणि ज्या विभागात आयसीयूच्या उपलब्ध खाटा १५ टक्क्यांच्या खाली जातील तिथे कडक निर्बंध लावायचे ठरवलं. सांता क्लाराने आणि शेजारच्या काही काउंटींनी वाट न पाहता ते ६ डिसेंबरपासूनच लावून घेतले. काही दिवसांत दक्षिण कॅलिफोर्निया आणि सॅन वॉकीन खोरं या विभागांचा आकडा शून्य टक्के झाला. बातमी आली, आयसीयूत एकही खाट नाही. पण लोकांनी काउंटींचे तक्ते उघडून पाहिले तर खाटा शिल्लक दिसत होत्या. खोटं कोण बोलत होतं?

कुणीच नाही. तो आकडा साध्या मोजणीचा नव्हता. आयसीयूतल्या रुग्णांत कोविडचं प्रमाण ३० टक्क्यांच्या वर गेलं, की वरच्या प्रत्येक टक्क्यामागे उपलब्धतेतून अर्धा टक्का वजा केला जाई. हृदयविकार, अपघात, पक्षाघात यांच्या रुग्णांसाठी जागा राखली जावी, हा हेतू. समजा शंभर खाटांपैकी ८६ भरल्या आहेत आणि त्यात ५० रुग्ण कोविडचे आहेत. म्हणजे कोविड ५८ टक्के, मर्यादेपेक्षा २८ जास्त. त्याचे निम्मे चौदा. खऱ्या रिकाम्या खाटा चौदा, जाहीर आकडा शून्य. हिशेब समजला तर तो वाजवी वाटतो. पण दररोजच्या बातमीत फक्त शून्य येत होतं, वजाबाकी येत नव्हती.

पुढे तर कमाल झाली. निर्बंध उठवायचे की नाही हे चार आठवड्यांनंतरच्या अंदाजावर ठरणार होतं, आणि त्या अंदाजाची आकडेमोड राज्य देत नव्हतं. पत्रकारांनी मागितली तेव्हा सांगितलं गेलं, की ती गुंतागुंतीची आहे, लोकांचा गोंधळ होईल. २५ जानेवारी २०२१ रोजी निर्बंध अचानक उठले. बे एरियाच्या आयसीयूतल्या जागेचा चार आठवड्यांनंतरचा अंदाज २५ टक्के होता. तो आकडाही त्याच दिवशी लोकांसमोर आला. ज्या माणसाचं हॉटेल त्या आकड्यावर बंद होतं त्याला आकड्यामागचा हिशेब दाखवायचा नाही, याचं मी कोणतंही समर्थन करू शकत नाही. सनीव्हेलमध्ये तर अशा हिशेबांवर पोट भरणारी हजारो माणसं राहतात. त्यांचा गोंधळ झाला नसता.

त्यात नेत्यांच्या वागण्याची भर पडली. ६ नोव्हेंबर २०२०ला गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम नापा खोऱ्यातल्या महागड्या फ्रेंच लाँड्री उपाहारगृहात वाढदिवसाच्या मेजवानीला गेले, अनेक घरांतल्या माणसांसोबत. त्यांचंच सरकार लोकांना तसं करू नका म्हणत होतं. डिसेंबरच्या नियमांत मुलांची मैदानं बंद झाली, दुकानं अंशतः चालू राहिली. आरडाओरडा झाल्यावर मैदानं आठवड्याभरात उघडली. उघड्यावर जेवायला बंदी घालणं हा त्या जेवणाच्या धोक्याबद्दलचा निर्णय नव्हे, लोकांनी घरी राहावं म्हणून आहे, असं राज्याचे आरोग्य सचिव मार्क गॅली यांनीच सांगितलं. प्रामाणिक उत्तर होतं, पण ते आधी द्यायला हवं होतं. घरगुती प्रार्थनासभांवरच्या तीन कुटुंबांच्या मर्यादेला सांता क्लारातल्या रितेश टंडन यांनी आव्हान दिलं आणि ९ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. दुकानात जी मुभा आहे ती घरातल्या उपासनेला का नाही, हा न्यायालयाचा प्रश्न होता.

दुसऱ्या बाजूलाही अन्याय झालाच. डॉ. कोडी यांना इतक्या धमक्या आल्या, की त्यांना संरक्षण द्यावं लागलं. आणि ज्यांच्यावर खरा भार पडला ते शंका घेणाऱ्यांतही नव्हते आणि घरून काम करणाऱ्यांतही. पूर्व सॅन होजेत एका घरात दोन-दोन कुटुंबं राहणारी, स्वयंपाकघरात, बांधकामावर, साफसफाईला जाणारी लॅटिनो माणसं काउंटीच्या लोकसंख्येत चौथा हिस्सा होती आणि रुग्णांत जवळपास निम्मी.

जानेवारी २०२१मध्ये क्षमता संपणं म्हणजे काय हे लॉस एंजेलिसने पाहिलं. तिथे खाटांआधी ऑक्सिजनच्या नळ्यांनी हात टेकले. साध्या मास्कवर मिनिटाला पाच-दहा लिटर लागणारा ऑक्सिजन उच्चप्रवाहाच्या यंत्रावर साठ लिटरपर्यंत लागतो. जुन्या इमारतींच्या नळ्या एवढा प्रवाह पेलू शकल्या नाहीत आणि लष्कराचे अभियंते मदतीला पाठवावे लागले. टाकी भरलेली आणि रुग्णापर्यंत दाब पोहोचत नाही!

मराठी वाचकाला हे ऐकून नाशिक आठवेल. २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागली, दाब पडला आणि किमान २२ रुग्ण गेले. त्यांच्याकडे खाट होती. पुण्यात सीओईपीच्या मैदानावर ऑगस्ट २०२०मध्ये आठशे खाटांचं जंबो रुग्णालय उभं राहिलं आणि पहिल्याच दिवसांत तिथल्या एका तरुण पत्रकाराला हलवायला सुसज्ज रुग्णवाहिका वेळेवर मिळाली नाही. जानेवारीत रुग्ण घटले म्हणून ते बंद झालं, तेव्हा उधळपट्टीचे आरोप झाले. मार्चमध्ये ते पुन्हा उघडावं लागलं आणि एप्रिलमध्ये पुण्यात खाटेसाठी लोक वणवण फिरत होते. सनीव्हेलच्या घरांतून रात्री-रात्री पुण्या-नाशकातल्या रुग्णालयांचे फोन लावले जात होते ते याच दिवसांत, जेव्हा कॅलिफोर्नियात लस घेऊन लोक मोकळे होत होते.

मुंबईने मात्र एक गोष्ट नेमकी ओळखली. जून २०२०पासून महापालिकेने चोवीसही प्रभागांत वॉर रूम उघडल्या. चाचणीचे अहवाल आधी तिथे जात, तिथून रुग्णाला फोन जाई आणि खाट तिथूनच ठरे. खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटाही राज्याच्या आदेशाने त्या हिशेबात आल्या होत्या. शहरात किती खाटा आहेत यापेक्षा या रुग्णाला आत्ता कोणती खाट, हा प्रश्न तिथे सुटत होता. दुसऱ्या लाटेत ती व्यवस्थाही वाकली, पण मोडली नाही.

शेवटचा आकडा पुन्हा सांता क्लाराचा. कोविडने गेले की कोविड असताना गेले, हा शंका घेणाऱ्यांचा जुना आक्षेप होता. २ जुलै २०२१ रोजी काउंटीने मृत्यूंची यादी पुन्हा तपासून आकडा २,२०१ वरून १,६९६ वर आणला. ज्यांच्या मृत्यूचं कारण कोविड नव्हतं असे ५०५ जण वगळले. म्हणजे आक्षेपात दम होता. पण दुरुस्तीनंतरही १९ लाखांहून थोड्या जास्त वस्तीच्या काउंटीत लाखामागे सुमारे ८८ मृत्यू उरतात. त्याच वेळी साऱ्या देशाची सरासरी लाखामागे १८० च्या वर होती. मोजणीच्या पद्धतीत फरक आहे, आणि या फरकाचं सगळं श्रेय निर्बंधांना देता येणार नाही. पैसा, घरून करता येणारं काम, विमा यांचाही त्यात मोठा वाटा आहे. पण फ्लूपेक्षा हे काहीतरी वेगळं होतं, एवढं त्यातून निःसंशय दिसतं.

पुढची साथ येईल तेव्हा नियमांवर शंका घेतल्या जातील आणि घेतल्या जायलाच हव्यात. त्यासाठी साथीची वाट पाहायची गरज नाही. आपल्या तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात आजच माहितीच्या अधिकारात विचारता येईल: मंजूर खाटा किती, त्यातल्या ऑक्सिजनच्या किती, रात्रपाळीला परिचारिका किती आणि ऑक्सिजनच्या टाकीची शेवटची तपासणी कधी झाली. हे चार आकडे मागा आणि मिळाले की गावात जाहीरपणे लावा.